दोन पवार आणि युबा सिटीची बेबे

अमेरिकेत गेल्यावर माझं पहिल्यांदा काय झालं असेल तर आडनाव बदललं. सिएटलच्या विमानतळावरच्या गोऱ्या साहेबाने पासपोर्ट पाहिला आणि म्हणाला, "वेलकम, मिस्टर पॉवर." आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, इतका जोर माझ्या नावात कधीच नव्हता. मी हसलो, तोही हसला, आणि शिक्का बसला.

ही २००६ सालच्या जुलैची गोष्ट. प्रवीण, माझा मुलगा, तिकडे बेलव्ह्यूला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याची आई येणार होती, पण धाकट्या लेकीचं बाळंतपण आलं आणि मी एकटाच निघालो. परत आल्यावर दिग्रसच्या चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं, "मास्तर, काय पाहिलं?" मी डोंगर सांगितले, तळी सांगितली. खरं पाहिलं ते सांगायला वेळ लागला. ते इथे लिहितो.

बेलव्ह्यू

गाव स्वच्छ, हिरवं, आणि माणसं दिसतच नाहीत. सकाळी फिरायला निघालो की मी, एखादा कुत्रा आणि त्या कुत्र्यामागून चालणारी एखादी बाई. आमच्या तांड्यात बाहेर पाऊल टाकलं की दहा जण विचारतात, "कुठे निघालात?" इथे कुणी विचारत नाही. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी करमेना.

त्या रविवारी तळ्याकाठी मराठी मंडळींची सहल होती. शेगडीवर मक्याची कणसं भाजत होती, कुणी मिसळ आणली होती. नागपूरची, पुण्याची, मुंबईची, सगळी पोरं एकत्र. साताऱ्याकडचे एक काका माझ्यासारखेच मुलाकडे आलेले. छान माणूस. माझ्या शेजारी बसून म्हणाले, "पवार का? म्हणजे मूळचे धारचे. शहाण्णव कुळीतले. देवक कोणतं तुमचं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रवीण मधे आला. "काका, हे विदर्भातले पवार. तुम्ही कणीस घ्या ना, गरम आहे." आणि कणसाची ताटली त्यांच्या हातात दिली.

आम्ही बंजारा. आमच्यातही पवार आहेत, राठोड आहेत, चव्हाण आणि जाधव आहेत. ही आमची मोठी कुळं, आणि प्रत्येकाच्या पोटात पुन्हा लहान लहान गोतं. पवारांत आम्ही झरपला. मराठा पवारांशी नाव जुळतं, नातं नाही. हे सांगण्यात लाजण्यासारखं काय होतं? पण माझ्या मुलाने ते कणसाखाली झाकलं. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं.

ऑरेगन

पुढच्या आठवड्यात प्रवीणने रजा काढली. "बापू, कॅलिफोर्नियाला जाऊ. ड्राइव्ह करत जाऊ, तुम्हाला देश दिसेल." मला वाटलं, कणसाची भरपाई चालली आहे.

देश खरंच दिसला. उंच झाडांच्या भिंती, मधून काळाभोर रस्ता, आणि ढगांवर तरंगल्यासारखे बर्फाचे डोंगर. ऑरेगनमध्ये एक गंमत. त्या राज्यात आपल्या गाडीत आपण पेट्रोल भरायचं नाही, माणूस येऊन भरून देतो. आपल्याकडल्यासारखंच. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी त्याला हिंदीत "शुक्रिया भाई" म्हणालो, तर तो टोपी काढून हसला.

पंप सुटला आणि प्रवीण म्हणाला, "बापू, एक मुलगी आहे."

"बरं."

"सॅन होजेला असते. मृणाल. कॉलेजपासून ओळख आहे, सहा वर्षं. तुम्हाला भेटवायचं होतं, म्हणून ही ट्रिप."

मला आनंदच झाला. "आडनाव काय?"

तो रस्त्याकडे पाहत राहिला. "पवार."

"अरे देवा! पवार-पवार म्हणजे बहीण-भाऊ!"

"आपल्यातली नाही ती. मराठा आहे. कराडकडची."

"मग अडचण कुठे आली?"

"तिच्या घरी. तिची आई म्हणते, एकाच आडनावात, एकाच कुळात लग्न कसं लावायचं? आठ महिने झाले, हाच वाद."

मी हसायलाच लागलो. "वेडा आहेस. सांग त्यांना की आपण बंजारा पवार. कूळ वेगळं, गोत वेगळं. मिटला वाद."

प्रवीण हसला नाही. "ते सांगितलं तर हा वाद मिटेल, बापू. आणि मग लग्नच मिटेल."

मी विचारलं, "निदान मुलीला तरी ठाऊक आहे ना?"

त्याने मान हलवली. नाही.

मी फार बोललो तेव्हा. म्हणालो, सहा वर्षं पोरीला फसवलंस. म्हणालो, आपल्या माणसांची लाज वाटते तुला. एका वळणावर त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि शांतपणे म्हणाला, "पुण्याच्या होस्टेलला सोडताना स्वारगेटवर तुम्ही काय सांगितलं होतं, आठवतंय? 'कुणी विचारलं तर पवार सांग. पुढे काही बोलू नकोस.' मी तेच करतोय. बारा वर्षं."

मी सांगितलं होतं. सोळा वर्षांचं पोर, परक्या शहरात. कुणी हिणवू नये म्हणून सांगितलं होतं. आणि त्याआधीही असंच करत आलो होतो. तांड्यातली मुलं शाळेत नाव घालायला यायची, आया गोत सांगायच्या, खेतावत, झरपला, मुडावत. मी दाखल-खारीज रजिस्टरात राठोड लिहायचो, पवार लिहायचो. सोपं पडतं, पुढे फॉर्म भरताना बरं पडतं. मला स्वतःलाही पवार माझ्या मास्तरांनीच केलं होतं. किती मुलांचं गोत माझ्या पेनातून खाली सांडलं, याचा हिशेब मी त्या वळणावर बसून पहिल्यांदा करायला लागलो. समोर शुभ्र डोंगर होता. मला तो काही दिसला नाही.

कॉर्निंगचा ट्रकथांबा

कॅलिफोर्नियात उतरलो आणि उकाडा सुरू झाला, अगदी आपल्या मे महिन्यातल्या यवतमाळसारखा. कॉर्निंग नावाच्या गावाजवळ गाडीच्या पुढच्या भागातून वाफ निघाली. ट्रकवाले थांबतात तशा मोठ्या थांब्यावर कशीबशी पोचलो. प्रवीणने झाकण उघडलं, पण कॉम्प्युटरवाल्याला तिथलं काय कळणार?

पलीकडच्या अठरा चाकी ट्रकमधून एक सरदारजी उतरले. निळी पगडी, पोट सुटलेलं, पायांत चपला. काही न विचारता वाकले. "पाइप फटी है जी." मग ट्रकमधून पट्टी आणि तारेचं कडं आणून नळी बांधायला लागले. बांधता बांधता चौकशी: कुठले, काय नाव.

"महाराष्ट्र. नांदेडच्या बाजूचे," मी म्हणालो.

नांदेड म्हटल्यावर त्यांनी हात पुसून मला नमस्कार केला. "हजूर साहिब! दो बार आया हूँ." त्यांचं नाव हरजिंदर. म्हणाले, ही पट्टी सत्तर मैलांवर टिकणार नाही, पण माझं घर सत्तर मैलांच्या आतच आहे. युबा सिटी. आज रविवार, मेकॅनिक उद्या मिळेल. माझ्या ट्रकमागून सावकाश या.

प्रवीण इंग्रजीत आढेवेढे घ्यायला लागला, हॉटेल बघतो म्हणाला. हरजिंदर म्हणाले, "हॉटेल में रोटी कौन देगा, बेबे देगी?" आणि ट्रक सुरू केला.

युबा सिटी

पीचच्या बागा, अक्रोडाच्या बागा, भाताची पाणथळ शेतं, आणि त्या सपाटीत मधेच उगवलेले चार-दोन डोंगर. हरजिंदरचं घर एका पीचच्या बागेला लागून. मोटारीच्या गॅरेजमध्ये मोटार नव्हतीच. तिथे नवारीची खाट, पंखा, आणि खाटेवर मेथी निवडत बसलेली त्यांची आई. तीच बेबे. पंच्याऐंशीच्या पुढची, पांढरी ओढणी, डोळ्यांवर जाड भिंगं. त्या संध्याकाळी तिने आम्हाला पाहून मान हलवली आणि मेथीकडे वळली. हरजिंदरच्या बायकोने पराठे, दही आणि पीचचं लोणचं वाढलं. पीचचं लोणचं हे मी पहिल्यांदाच खाल्लं. कैरीची सर नाही, पण परदेशात कैरीने रुसायचं नसतं.

गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडे तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ. मी गॅरेजच्या दारात उभा राहून प्रवीणच्या आईला फोन लावला आणि आमच्या गोरमाटी बोलीत विचारलं, "बाटी खादी कांई?" भाकरी खाल्लीस का? मग भाजीत मीठ जास्त झाल्याचं ती सांगायला लागली. आमच्यात मीठ म्हणजे लूण. फोन कानाला, तोंडात लूण आणि बाटी, असं आमचं चाललेलं.

फोन ठेवला आणि पाहतो तो बेबे खाटेवरून उठून उभी. हातातली मेथी खाली पडलेली.

"ये बोली तूने कहाँ से ली?"

"हमारी है, बेबे. घर की."

"मेरी दादी ऐसे बोलती थी," ती म्हणाली. "बंद दरवाजे में. बाहर पंजाबी, अंदर ये. हम हँसते थे उस पर."

मी विचारलं, तुमचं गाव कोणतं? म्हणाली, फाळणीत सुटलं, आता पाकिस्तानात आहे. नाव टांडा.

मी खाली बसलो. म्हटलं, "बेबे, मी पण तांड्याचाच. माझ्या तर गावालाच तांडा म्हणतात. आमच्या प्रत्येकच गावाला."

मग काय विचारता! ती लबाना. त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरणारे, आमचेही तेच. आमच्याकडे लभाण म्हणून जी माणसं आहेत त्यांचं आणि हिचं काय नातं, ते विद्वानांनी ठरवावं. मी एवढंच पाहिलं की ती बैलाला बळद म्हणाली आणि मीही बळद म्हणालो, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. हरजिंदर दारात उभे राहून म्हणाले, "बेबे, बळद गए, अब ट्रक हैं. काम वही है."

त्यांच्यात कागदावर सगळे सिंग. ड्रायव्हिंग लायसनवर सिंग, बँकेत सिंग. पण गोत घरात जपून ठेवलेलं. हे घर घोत्रांचं. बेबे माहेरची भगताना. पीलिया आहेत, मुच्छल आहेत, अशी कितीतरी तिने बोटांवर मोजली. लग्न ठरवताना चार गोतं सोडायची: आपलं, आईचं, आजीचं, आईच्या आईचं. मी सांगितलं, आमच्यात पवाराने पवारात सोयरीक करायची नाही. राठोडांत, चव्हाणांत, जाधवांत करायची. लहानपणी आमच्या तांड्यात ढाडी यायचा. पिंपळाखाली बसून वाद्य वाजवायचा आणि आमच्या पिढ्यांची नावं गायचा. माझे वडील धोतराचा सोगा डोळ्यांना लावून ऐकायचे. आपल्या खापरपणज्याचं नाव आलं की सगळा तांडा "हां!" म्हणायचा. तो ढाडी कधी यायचा बंद झाला, तेही मला सांगता आलं नाही. मी तेव्हा शाळेत फळ्यावर उजळणी लिहीत असेन.

बेबेने प्रवीणला जवळ बोलावलं. "पुत्तर, तेरा गोत?"

"पवार."

"वो तो बाहर का. अंदर का?"

प्रवीणने माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, आणि त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"झरपला," मी म्हणालो. "आपण झरपला आहोत, बाळा."

त्याने तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. मग काय झालं कुणास ठाऊक, पण तो बेबेच्या पायाशी जमिनीवर बसला आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगून मोकळा झाला. मृणाल, दोन पवार, आठ महिन्यांचा वाद, स्वारगेट. हरजिंदर आधी हसले, मग हसायचे थांबले.

बेबेने मुलीबद्दल एकच विचारलं. "कुड़ी नूं पता है?"

"नहीं."

"पहले उसको बता. गोत बाद में देखेंगे."

तो पीचच्या बागेत गेला. मी गॅरेजमधून पाहत होतो. झाडांच्या दोन रांगांमध्ये फोन कानाला लावून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. मग थांबला. मग नुसता उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "तिने फोन ठेवला."

मेकॅनिकने दुपारी गाडी नीट करून दिली. पण निघायचं कुठे? प्रवीण सॅन होजेचं नाव काढेना. बेबेने आम्हाला राहायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला फाटकाशी लाल मोटार थांबली. पत्ता मृणालने प्रवीणला मेसेज करून मागितला होता, दुसरा एक शब्द न लिहिता. उंचेली, सावळी, डोळे सुजलेले. प्रवीण पुढे झाला, तर त्याला ओलांडून सरळ माझ्यापुढे आली. वाकून नमस्कार केला. मग उभी राहून म्हणाली, "काका, सहा वर्षं. मी याला माझ्या आजोबांच्या तमाशाच्या नादापर्यंत सगळं सांगितलं. आणि यानं मला हे सांगितलं नाही. मी तशी वाटले का याला?"

"शिकवण माझी आहे, पोरी," मी म्हणालो. "राग माझ्यावर काढ. त्याने बापाचं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा."

"बारा वर्षं ऐकलं? इतर काही ऐकतो का तुमचं?"

"नाही," मी म्हणालो. "बाकी काहीच नाही."

तिला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. हरजिंदरच्या बायकोने तिला पाणी दिलं. पाणी पिऊन, तोंड पुसून ती विचार करायला लागली. "म्हणजे आमचं कूळ एक नाहीच? अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"मग गेले आठ महिने मी आईशी कशावरून भांडतेय यार?" ती प्रवीणकडे वळून ओरडली. तो बिचारा खाली मान घालून उभा. "ठीक आहे. तो वाद संपला. आता बाबांशी दुसरा वाद सुरू होईल, आणि तो मोठा असेल. पण तो निदान खरा असेल."

मी म्हणालो, "पोरी, वाद आमच्याकडेही होईल. तांड्यात बाहेरची मुलगी आणायची तर आधी तिला कुणीतरी आपल्या गोतात घ्यावं लागतं, लेक करावं लागतं. तेव्हा ती आमची सून होते. आणि तुझं आडनाव पुन्हा पवार. म्हातारे नाक मुरडतील."

हे मी हिंदीत बेबेलाही सांगितलं. ती हसली. तोंडात दोनच दात. "बस इतना? हमें दे दे."

हरजिंदर आणि त्यांची बायको खाटेवर बसली. बेबेने मृणालला दोघांच्या मधे बसवलं. आपली स्वतःची ओढणी काढून तिच्या डोक्यावर टाकली, तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि म्हणाली, "आज से तू घोत्रा." तिथे ना भटजी होता, ना गुरुद्वाऱ्यातला ग्रंथी, ना पंच. पंखा घरघरत होता आणि बाहेर कुणीतरी पीचचे क्रेट ट्रकवर चढवत होतं. मृणाल आधी हे सगळं गमतीत घेत होती. ओढणी डोक्यावर आली तशी तिने ती दोन्ही हातांनी सावरून घेतली. तिने हरजिंदरना विचारलं, "मी आता तुम्हाला काय म्हणू?" ते गडबडले. "जो दिल करे, बेटा." तिने त्यांना दारजी म्हटलं, तिकडे वडिलांना म्हणतात तसं. तो आडदांड माणूस उठून ट्रककडे निघून गेला. अर्ध्या तासाने परत आला.

दुपारी आम्ही निघालो. मृणाल बेबेच्या पाया पडली, तशी बेबेने तिचा गळा धरला आणि रडायला लागली. नुसतं रडणं नव्हतं ते. त्यात सूर होता, ताल होता, मधे मधे शब्द होते, ते हरजिंदरलाही कळेनात. मला सूर कळला. आमच्यात नवरी सासरी निघताना अशीच एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात. माझी थोरली बहीण सासरी गेली तेव्हा तिने वडिलांच्या, आईच्या, शेवटी गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यात पडून ढावलो गायला होता. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. बहीण वारून वीस वर्षं झाली. इकडे नवरीला रडता येत नव्हतं, म्हणून तिच्या वाटचं आजी रडत होती. मीही मोटारीआड जाऊन डोळे पुसले.

परत आल्यावर

लग्न पुढच्या वर्षी डिसेंबरात आमच्या तांड्यात लागलं. मृणालची आई आली, भाऊ आला. वडील आले नाहीत. ते अजूनही आमच्याकडे येत नाहीत. लेकीशी मात्र दर रविवारी बोलतात आणि फोन ठेवताना "जावईबापूंना नमस्कार" म्हणतात, एवढ्यावर आज गाडी आहे. हरजिंदर विमानाने आले. आधी हजूर साहिबला माथा टेकला, मग मुलीच्या बापाच्या जागी बसायला तांड्यात आले. बेबेला प्रवास झेपणार नव्हता. तिने ओढणी पाठवली.

लग्नाआधी आमच्या तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, त्यांनी सगळ्यांसमोर मृणालला विचारलं, "तारो गोत?"

तिने पाठ करून ठेवलं होतं. म्हणाली, "घोत्रा."

म्हाताऱ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. हे गोत कुणीच ऐकलेलं नव्हतं. राठोडांत बसतं की जाधवांत? एक म्हणाले, असं काही नसतंच. दुसरे म्हणाले, निजामाच्या मुलखात असेल. नायकांनी हरजिंदरकडे, त्यांच्या निळ्या पगडीकडे बराच वेळ पाहिलं. विचारलं, "पाहुणे, तुमची माणसं काय लादायची बैलांवर?"

हरजिंदरला बाकी काही कळलं नाही, पण मी अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले, "लूण."

नायकांनी मान डोलावली. "लांबचा तांडा दिसतो," ते म्हणाले, आणि मृणालला बसायला जागा करून दिली.